उपायाचा रकाना

फोन आला तेव्हा अकराला दहा कमी होते. मास्तरांनी नुकतंच काचेचं उंच नळकांडं हलवून टेबलावर ठेवलं होतं आणि चाळीस सेकंदांनंतरचं पहिलं माप वहीत लिहिलं होतं. माती पाण्यात हलवून ठेवली की चाळीस सेकंदांत वाळू खाली बसते, बारीक गाळाला दोन तास लागतात, आणि उरलेली चिकणमाती दिवसच्या दिवस पाण्यात तरंगत राहते. त्यावरून त्या मातीत काय किती आहे ते कळतं. दुसरं माप दोन तासांनी घ्यायचं होतं. फोनवर मेहुणी होती. सकाळी तीच मास्तरांच्या बायकोला घेऊन हॉस्पिटलात गेली होती, कारण मास्तरांच्या टेबलावर आठ नमुने तुंबले होते आणि बायकोच म्हणाली होती, "तुम्ही कशाला येता? रांगेत बसायचं आणि परत यायचं. त्यात बघण्यासारखं काय आहे?" मास्तरांनी विचारलं, "ती बरी आहे ना?" पलीकडून एखादी ढकलगाडी फरशीवरून गेल्याचा आवाज आला. मग मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताई गेली." आणि मास्तर म्हणाले, "कुठं गेली? मला न सांगता?" त्यांना खरंच वाटलं, की रांगेला कंटाळून ती उठून खाणीवरच्या तिच्या रोपांच्या नर्सरीत गेली. तसं तिनं मागे दोनदा केलं होतं. एकदा तर नंबर पुकारला तेव्हा बाई बसमध्ये. मेहुणी रडायला लागली, आणि तेव्हा तो शब्द त्यांच्या आत खाली खाली बसत गेला. टेबलाची कड धरून ते उभे होते. नळकांड्यातलं पाणी अजून गढूळ होतं. पुढे कित्येक दिवस त्यांना सगळ्यात जास्त लागत राहिलं ते हेच, की तिच्या मरणावर आपण पहिला शब्द काढला तो रागाचा होता.

सतरा दिवसांनी ते कामावर परत आले तेव्हा नळकांडं तिथंच होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. कुणीतरी, बहुधा झाडूवालीनं, त्याच्या भोवतीनं टेबल पुसलं होतं, त्यामुळे बुडाशी धुळीचं एक गोल वळं राहिलं होतं. पाणी वरपासून खालपर्यंत नितळ झालं होतं आणि तळाशी तीन थर होते, वाळूचा, गाळाचा, आणि वर चिकणीचा साईसारखा पातळ थर. वहीत पहिलं माप होतं, दुसऱ्याची जागा मोकळी होती. मास्तर खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत दुसरं माप कधी चुकलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांना मास्तर म्हणत ते यासाठीच, शाळेत ते कधी शिकवायला नव्हते. ते मातीचे पेपर तपासत आणि तिला पास-नापास करत. नापासच जास्त करतात अशी त्यांची ख्याती होती. खाणीवरचे लोक नमुन्याच्या पिशव्या आणून टाकताना म्हणत, "मास्तर, जरा हात सैल सोडा, पोरगी अभ्यासू आहे." त्यावर मास्तर न हसता पावती फाडून देत.

काम सांगायला सोपं होतं. कोळसा काढायचा म्हणजे त्याच्यावरचं सगळं आधी काढायचं. सगळ्यात वरची हातभर जिवंत माती वेगळी रचून ठेवायची आणि तिच्याखालचा मुरूम, चिकण, दगड वेगळा. या खालच्या मालाला खाणीत ओव्हरबर्डन म्हणतात. कोळसा संपला की हाच माल परत भरायचा, डोंगराला पायऱ्या पाडायच्या, वर जिवंत माती पसरायची आणि त्यावर पुन्हा काहीतरी उगवलं पाहिजे. पण कुठलाही माल कुठंही टाकून चालत नाही. एखाद्यात क्षार असतात, एखादा पाणी धरत नाही, एखादा वाळला की विटेसारखा होतो. काहींत सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड असतो. तो जमिनीखाली असेपर्यंत निरुपद्रवी, पण हवा-पाणी लागलं की त्याचं आम्ल होतं आणि मुळं जळतात. म्हणून मास्तरांच्या ऑफिसची एक पुस्तिका होती. मातीचा सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा किती ते किती चालेल, क्षार किती, दगडगोटे किती, वरच्या सव्वा मीटरात काय असावं आणि काय अजिबात नसावं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ही पुस्तिका मराठीत करायचं काम एकतीस वर्षांपूर्वी मास्तरांकडे आलं, आणि त्याच आठवड्यात खाणीच्या नर्सरीतली एक नवी बाई हातात मातीची पिशवी घेऊन भांडायला आली. तिच्या रोपांसाठी आणलेली माती मास्तरांनी नापास केली होती. "माणसांना नापास करून हौस फिटली नाही वाटतं, म्हणून आता मातीला?" ती दारातूनच म्हणाली. तिच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास होता. मास्तरांनी तिला आकडे दाखवले. ती म्हणाली, "आकडे मला नका दाखवू, माती दाखवा." मग त्यांनी तिच्या तळहातावर थोडी ओली माती दिली आणि अंगठ्यानं बोटावर दाबत तिची पट्टी कशी काढायची ते दाखवलं. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकण जास्त. तिची पहिलीच पट्टी मास्तरांच्या पट्टीपेक्षा लांब निघाली. "बघा," ती म्हणाली, "तुमच्याकडून तुटते, माझ्याकडून नाही तुटत." एवढ्यावर लग्न ठरलं असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. मास्तर दर वेळी म्हणायचे, तसं काही नाही, मधे आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत पुस्तिकेचं भाषांतर झालं आणि त्यातले निम्मे शब्द तिचे होते. वरच्या ऑफिसनं ओव्हरबर्डनला अधिभार असा शब्द पाठवला होता, त्यावर ती म्हणाली, "अधिभार विजेच्या बिलात असतो. डोंगरात कसला अधिभार?" मग ओव्हरबर्डन तसंच राहिलं. प्रतवारीसाठी उत्तम, मध्यम आणि अयोग्य असे शब्द आले होते. ते वाचून तिनं नाक मुरडलं. उत्तमचं चांगली झालं, अयोग्यचं नापास, ते मास्तरांनाही पटलं. मध्यमवर ती अडून बसली. "मध्यम म्हटलं की कुणी ढुंकून बघणार नाही. बरी म्हणा." मास्तर म्हणाले, "बरी म्हणजे तरी काय वेगळं?" "वेगळं नाही कसं? आजारातून उठलेल्या बाईला आपण बरी म्हणतो. उठली आहे, हिंडते-फिरते, पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. या मातीचं तसंच आहे. चुना द्या, खत द्या, सांभाळा, तर चालेल." मास्तरांनी मध्यम खोडून बरी लिहिलं. आणि फॉर्म छापायला गेला तेव्हा शेऱ्याच्या शेजारी त्यांनी एक नवा रकाना घातला, उपायाचा. चांगलीपुढे तो मोकळा असला तरी हरकत नाही. नापासपुढे एकच उपाय छापलेला, खोल पुरा. पण बरीपुढचा उपाय मोकळा ठेवलेला फॉर्म मास्तर हातात धरत नसत. तीस वर्षं त्यांनी असे फॉर्म परत पाठवले. नवीन पोरं वैतागायची. "मास्तर, बरी लिहिलंय ना, मग?" "बरी लिहिलंय म्हणूनच," मास्तर म्हणायचे. "बरी म्हणजे काय करणार आहात, ते लिहा."

गेल्या वर्षी माल रचून झालेल्या तिसऱ्या पायरीवर ती चढत होती तेव्हा तिला पहिल्यांदा दम लागला. मास्तर मागेच होते, नमुन्याच्या पिशव्या घेऊन. ती थांबली, कमरेवर हात ठेवून खाली बघितल्यासारखं केलं, जणू बघण्यासाठीच थांबली आहे. मास्तरांनी विचारलं, "काय झालं?" "काही नाही, बरी आहे." घरी जिना चढताना, कपडे वाळत घालताना, फोनवर मुलीशी बोलताना मधेच शब्द तोडून, बरी आहे. रात्री उशी उंच करून झोपायला लागली, तेव्हाही बरी आहे. आणि मास्तरांचा जीव प्रत्येक वेळी भांड्यात पडायचा. हेच त्यांना आता उलगडत नव्हतं. टेबलाशी, बसमध्ये, बेसिनपाशी तोंडात ब्रश धरून उभे असताना त्यांच्या मनात तेच तेच फिरायचं. तो शब्द तिचाच होता. त्याचा अर्थ तिनंच एका दुपारी बसून त्यांना शिकवला होता. सगळ्या जगानं बरी म्हणजे ठीक असं ऐकावं, पण या शब्दापुढे रकाना असतो हे माहीत असलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला अकरा महिने तो शब्द ऐकवला. तिनं जाणूनबुजून तोच शब्द वापरला होता का? की तिचंही इतरांसारखंच होतं, जिभेवर आलं ते बोलली? हे विचारायला आता जागा नव्हती. त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरनं हळू आवाजात विचारलं होतं, "त्यांना दम लागत होता का?" आणि मास्तर म्हणाले होते, "ती बरी होती." डॉक्टरनं मान हलवली आणि तसं लिहून घेतलं. पुढचा रकाना त्यानंही विचारला नाही. त्याच्या कागदावर तो नव्हताच.

कामावर आल्यावर चौथ्या दिवशी साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. साहेब वयानं मुलीएवढे, मास्तरांच्या हाताखाली शिकून वर गेलेले. ते उभ्याउभ्याच बोलले, म्हणजे अवघड विषय होता. तिसऱ्या पायरीच्या शेवटच्या शेऱ्याची तारीख जवळ आली होती. ती पायरी म्हणजे तिची. तीन वर्षांपूर्वी तिनं हट्टानं मागून घेतली होती, वर जिवंत माती न पसरता नुसत्या मालावर काय जगतं ते बघायला. माल मास्तरांनीच तपासला होता, खणण्याआधी पाडलेल्या छिद्रांतून काढलेले नमुने बरी निघाले होते, आणि उपायात त्यांनी लिहिलं होतं, चुना, शेणखत, तीन वर्षं देखरेख. देखरेख करणारीचं नावही त्या फॉर्मवर होतं. "तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला पाठवतो," साहेब म्हणाले. मास्तर म्हणाले, "माझी पायरी आहे. मी जातो."

शहरातून खाणीपर्यंत बसनं तासभर लागतो. मास्तर खिडकीपाशी बसले. शेजारची जागा मोकळी ठेवायची त्यांना सवय होती, कारण बायको आधी नर्सरीच्या कोठारात जाऊन पुढच्या थांब्यावर चढायची. त्या थांब्यावर एक जाडा माणूस चढून तिथं बसला आणि लगेच झोपला. त्याचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर आलं. मास्तरांनी ते तसंच राहू दिलं. वीस-एकवीस दिवसांत इतकं वजन अंगावर कुणाचं आलं नव्हतं.

पायरीच्या पायथ्याशी टोपी त्यांची वाट बघत होती. ही बायकोच्या हाताखालची बाई, बारा महिने गवताची मोठी टोपी घालायची म्हणून हे नाव, खरं नाव पगारपत्रकातच काय ते. ती मास्तरांना बघून टोपी काढून उभी राहिली, आणि टोपीशिवाय तिला पहिल्यांदाच बघितल्यामुळे मास्तरांना ती क्षणभर ओळखूच आली नाही. "मास्तर, जेवलात का?" तिनं विचारलं. "जेवलो." "खोटं बोलता. असू दे." दोघं वर चढले. पायरीवर गुडघाभर गवत होतं आणि त्यात बत्तीस झुडपं, कमरेइतकी, एकेकापाशी खुंटी आणि खुंटीवर तिच्या अक्षरातली पत्र्याची चिठ्ठी. गवताला वाळलेल्या पानांचा आणि खाली ओलाव्याचा वास येत होता. मास्तरांना उगाच वाटलं होतं की इथं काहीतरी वाटेल, रडू येईल किंवा शांत वाटेल. तसं काही झालं नाही. एवढंच लक्षात आलं की तिनं झुडपं ओळीत लावली नव्हती. तिला ओळी आवडत नसत. टोपी म्हणाली, "आता काय खणायचं त्यात? डोळ्यांनी दिसतंय की. ताईंनी जगवून दाखवलं." मास्तर म्हणाले, "वरचं दिसतंय." आणि कुदळ मागितली.

पाच ठिकाणी सव्वा मीटर खोल खड्डे घ्यायचे होते. टोपी आणि मास्तर आळीपाळीनं खणत होते. पहिल्या तीन खड्ड्यांत काही नव्हतं, पिवळसर मुरूम, मुळं दीड हात खाली उतरलेली. मास्तर मुळं बोटांनी मोकळी करून बघत होते, पांढरी आणि लवचीक होती. त्यांना आत कुठेतरी आनंद होत होता आणि त्याची लाज वाटत होती. चौथ्या खड्ड्यात कुदळ हातभर खाली गेल्यावर रंग बदलला. काळा, पापुद्रे सुटणारा दगड, आणि वर काढून उन्हात धरला तर त्यावर मोहरीएवढे सोनेरी ठिपके. जी मुळं तिथवर पोचली होती ती तिथून वळली होती. आडवी गेली होती, टोकं तपकिरी झालेली. मास्तर खड्ड्यात उकिडवे बसून राहिले. छिद्रं दोनशे मीटरवर एक पाडतात. दोन छिद्रांच्या मधे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, नियमानं तेवढं चालतं. हा दगड नेमका दोन छिद्रांच्या मधून आला होता. टोपी वरून म्हणाली, "काय हो? काय सापडलं?" "खाली जाऊन ये, नाल्यापाशी काय दिसतंय बघून," ते म्हणाले. ती खाली उतरून गेली आणि परत आली ती बिचकत. "पाणी झिरपतंय पायथ्याशी. दगडांवर नारिंगी चढलंय. आधी नव्हतं, मास्तर, शपथ. मागच्या महिन्यात ताई गेल्यावर मी तिकडे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्या नाल्याचं पाणी खालच्या वस्तीच्या तळ्यात जातं, गुरं तिथंच पाणी पितात, हे दोघांनाही माहीत होतं.

प्रयोगशाळेत त्यांनी तो दगड कुटला, चाळला, काचेच्या भांड्यात घेतला आणि वर पेरॉक्साइड ओतलं. आधी काहीच झालं नाही. मास्तरांनी मनात म्हटलं, चला. मग कडेनं बारीक बुडबुडे आले, मग सगळं भांडं फसफसून उठलं, काचेला हात लावला तर चटका बसला, आणि गंधकाचा वास नाकात गेला. फेस खाली बसल्यावर सामू मोजला. अडीच. साडेचारच्या खाली नापास असतं, इथं अडीच. त्यांनी पाचही खड्ड्यांचे नमुने पुन्हा घेतले, पुन्हा मोजले, पाचवाही आंबटच निघाला. कधी नाही ते त्यांना वाटत होतं की आपलं चुकलं असावं, हात थरथरला असावा, बाटली जुनी असावी. संध्याकाळपर्यंत तीनदा केलं. तिन्ही वेळा आकडे सारखेच आले. आपला हात इतका नीट आहे याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

साहेबांनी आकडे बघितले आणि दार लावून घेतलं. "मास्तर, एक बोलू? सगळ्या डोंगरात ही एक पायरी. तीस मीटर लांब. वरच्या हातभरात सामू पाच आहे, गवत आहे, झुडपं आहेत. बरी लिहा. उपायात लिहा, पायथ्याशी चुन्याचा चर आणि देखरेख. सही मी करतो. बाईंच्या नावाची पाटी लावू तिथं. सगळ्यांचीच इच्छा आहे." साहेब खालमानेनं बोलत होते, आणि मास्तरांना दिसत होतं की हा माणूस लबाडी करत नाहीये, याला आपल्याला काहीतरी द्यायचं आहे आणि दुसरं काय द्यावं ते सुचत नाहीये. "देखरेख कोण करणार?" मास्तरांनी विचारलं. "तुम्ही. आणि टोपी." "आणि मी रिटायर झाल्यावर?" साहेबांनी आकड्यांचा कागद सरळ करून ठेवला. "उद्या सांगतो," मास्तर म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात शेऱ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. ती लांबच्या शहरात असते, रोज याच वेळेला फोन करते. "बाबा, जेवलात?" "आता जेवीन." "काय आहे जेवायला?" मास्तरांनी ओट्याकडे बघितलं. ओट्यावर काही नव्हतं. "आहे काहीतरी." "तब्येत?" "बरी आहे."  मग मुलगी म्हणाली, "बाबा, आईपण असंच म्हणायची. मला बरी नका सांगू. आज काय खाल्लं, किती वाजता झोपलात, गोळी घेतली का, ते सांगा." मास्तरांना आधी राग आला, मग हसू आलं. हातातल्या रिसीव्हरवर त्यांनी अंगठ्यानं नुसती पट्टी काढल्यासारखं केलं. मग म्हणाले, "सकाळपासून चहा झालाय चार वेळा. गोळी राहिली." "मग उठा आणि घ्या. मी थांबते फोनवर." ते उठले, गोळी घेतली, पाण्याचा पेला मुद्दाम ओट्यावर आपटून ठेवला, तिला ऐकू जावं म्हणून. मग तिला तिसऱ्या पायरीबद्दल सगळं सांगितलं. काळा दगड, फेस, अडीच, पाटी. मुलीला खाणीतलं काही कळत नाही, पण ती मधेच थांबवून विचारत होती, म्हणजे काय, मग काय होतं. शेवटी म्हणाली, "आईनं काय केलं असतं असं मी नाही म्हणणार, मला माहीत नाही. तुम्हाला काय दिसतंय?" मास्तर म्हणाले, "तिची झुडपं आहेत गं ती." "ते कळलं. खाली काय आहे?"

त्यांना ती दुपार आठवली नाही आणि तिचे शब्दही आठवले नाहीत. आठवलं ते वेगळंच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिनं वाढवलेली चारशे रोपं रोग पडला म्हणून तिनं स्वतः उपटून जाळली होती, आणि घरी येऊन न बोलता पातेली घासत बसली होती. मास्तर म्हणाले होते, निम्मी तरी वाचली असती. ती म्हणाली होती, "वाचली असती हो. आणि शेजारची सगळी मेली असती." मग हात धुऊन तिनं मास्तरांच्या सदऱ्याला पुसले होते, कारण टॉवेल लांब होता. सदऱ्यावर ओल्या पंजाचे दोन डाग पडले होते. ते वाळेपर्यंत मास्तर तसेच उभे होते, आणि ती म्हणाली होती, "बसा की. पंगतीला वाढायचं थोडंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फॉर्म भरला. नमुन्याचे आकडे, खोली, ठिकाण. शेऱ्याच्या जागी त्यांनी नापास लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. उपायाच्या रकान्यात छापलेलं होतं, खोल पुरा. त्याच्यापुढे त्यांनी शाईनं जोडलं: आधी झुडपं काढू द्यावीत. नंतर सही केली आणि फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "पोकलेन बुधवारी येईल," ते म्हणाले. "त्याआधी जेवढं निघेल तेवढं काढा. माणसं देतो." "माणसं नकोत," मास्तर म्हणाले, "मुळं तोडतात."

म्हणून शनिवारपासून मास्तर आणि टोपी पायरीवर आहेत. मास्तरांनी सुट्टी टाकली आहे. एकेका झुडपाभोवती हातभर अंतरावर गोल चर खणायचा, मुळांचा गड्डा मातीसकट सुटा करायचा, खालून गोणपाट सरकवायचं, सुतळीनं बांधायचं आणि दोघांनी मिळून उचलून खाली न्यायचं. दिवसाला चार निघतात, बरी खटपट केली तर पाच. पोकलेनवाला सोमवारीच रस्ता बघायला येऊन गेला, म्हणाला, "मास्तर, एका बादलीत पाच-पाच काढून देतो, दहा मिनिटांचं काम," त्यावर टोपी त्याच्यावर डाफरली, "तुझ्या दातांनी काढतोस का? हो खाली." तो हसत गेला, जाताना स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी मास्तरांना देऊन गेला. मास्तरांनी ती खाल्ली. काळ्या दगडाच्या वरची झुडपं आधी काढली, त्यांची मुळं आखूड होती, ती सहज सुटली. मुरमातली जड जातात. काढलेली झुडपं नर्सरीच्या सावलीत गोणपाटात उभी आहेत, टोपी त्यांना दोन वेळा पाणी घालते. ती कुठं लावायची ते ठरलेलं नाही. चौथ्या पायरीची माती अजून तपासून झालेली नाही, तिचे नमुने मास्तरांच्याच टेबलावर पडून आहेत, आणि ते तपासल्याशिवाय मास्तर तिथं काही लावू देणार नाहीत.

आज मंगळवार. उन्हं उतरल्यावर त्यांनी कुदळ बाजूला ठेवली. सतरा झुडपं निघाली आहेत. पंधरा अजून पायरीवर आहेत.